पिका आणि वाळूतलं गवत

धानाच्या ताज्या तणसाचा, म्हणजे पेंढ्याचा, वास आला की मला अर्जुनी मोरगावच्या कॉलेजातली ती भाषणाची स्पर्धा आठवते. लग्नानंतर मी पुन्हा शिकायला लागले होते, पण सासूबाई हे गावात कुणालाच सांगत नसत. त्या दिवशी माझ्या तान्ह्या मुलीला सांभाळायला म्हणून नाइलाजानं सोबत आल्या होत्या. चिठ्ठीत निघतील त्या दोन सजीवांची तुलना करायची होती. मला आले उंच डोंगरातला पिका, म्हणजे सशाचा नातलग असलेला इवलासा प्राणी, आणि समुद्रकाठच्या वाळूत पसरणारं गवत. मी ना तसा डोंगर पाहिला होता, ना समुद्र. सुरुवात केली आणि वाचलेलं सगळं विसरले. मागच्या रांगेतून सासूबाई ओरडल्या, "काऊन थांबली वं? बोल नं!" सगळे हसले, आणि मला आमचं शेत आठवलं. मी म्हणाले, "आम्ही बैलांसाठी तणस रचतो, तसा पिका थंडीसाठी गवत वाळवून साठवतो. धानाच्या बांधीच्या पारीवरची, म्हणजे बांधावरची, हरळी माती धरते, तसं ते गवत वाळू धरतं. दोघंही हातचं जाऊ देत नाहीत." पहिला नंबर माझा आला. परतताना एसटीत शेजारच्या बाईनं विचारलं, "हे पोरगी कोन होय?" सासूबाई अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माही सून होय. कॉलेजात शिकून राहिली!" आज मी स्वतः कॉलेजात शिकवते, पण त्या सीटवर बसले होते तशी ताठ पुन्हा कधी बसले नाही.