शेवंता सिस्टरांनी मागितलेला एक शब्द

ज्या घरात पोट पडलं असेल, त्या घरी शेवंता सिस्टर आधी बसायच्या नाहीत. उभ्यानंच विचारायच्या, "कोनावर घातलं?" घरातली माणसं गोंधळायची. कधी झालं, रक्त किती गेलं, हे त्या नंतर विचारणार. आधी दोष कुणाच्या माथी मारला ते त्यांना कळायला हवं असे. कुणी पपईचं नाव घेई, कुणी ग्रहणाचं, कुणी शेजारणीच्या नजरेचं. पण फिरून फिरून बोट जाई ते कोपऱ्यात बसलेल्या सुनेकडेच.

राळेगावात त्या आमच्या भागाच्या नर्स. मूळच्या पुसदकडच्या, बंजारा तांड्यावरच्या. उंच, हडकुळ्या, पदर कमरेला खोचलेला. कुठल्याही पोरीला ‘याडी’ म्हणायच्या, म्हणजे आई. त्यांची स्वतःची तीन पोटं पडली होती. तांड्यावर बोकड कापून झाले, गंडे बांधून झाले; शेवटी नागपूरला तपासलं तर थायरॉईड निघाला. "एका गोळीचं काम होतं, अन् पाच वर्स बोकडं कापत बसले," असं हसत सांगायच्या. ते हसणं मात्र दमलेलं असायचं.

एका म्हातारीनं गव्हाचं पोतं उचललं म्हणून सुनेला बोल लावला, तेव्हा सिस्टर म्हातारीलाच हाताला धरून घरामागच्या वावरात घेऊन गेल्या. कपाशीच्या पराटीखाली बारक्या पात्या, म्हणजे न उमललेल्या कळ्या, गळून पडल्या होत्या.

"ह्या कोनं पाडल्या, बुढे?"

"कोन पाडन? आपोआप गळते ना वं."

"मंग सुनेनं काय पाप केलं? लागली तेवढी पाती बोंड होते का? मुळातच नीट धरलं नसलं तर झाड सोडून देते. पोत्यानं नाही, अन् पपईनंबी नाही."

"म्हंजे कारनच नसते का काही?"

"असते ना. थायरॉईड असते, साखर असते, पिशवीत दोष असते. तुमच्या घरी तो तंबाखूचा खर्रा चालते, तोबी असते. ते तपासा. पन बहुत वेळा गर्भच नीट जमलेला नसते, अन् ते कोनाच्या हातात नसते."

म्हातारीनं तोंडातला खर्रा या गालातून त्या गालात सरकवला.

आमचं घर तहसीलमधल्या बाबूंचं. आजोबा, वडील, मी. आमच्याकडे गंडेदोरे नव्हते, टोमणे होते. सुनंदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, दुसऱ्यांदा पोट पडलं तेव्हा आईनं ते स्कूटरवर घातलं. मामेबहिणीच्या साखरपुड्याला कळंबला जायचा हट्ट सुनंदानं धरला होता. स्कूटर मी चालवत होतो, पण ते कुणी मोजलं नाही.

यवतमाळच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. गर्भ सुरुवातीपासूनच नीट बनला नव्हता, प्रवासाचा काही संबंध नाही. दोनदा झालंय तर दोघांचंही रक्त तपासून घ्या, कधी दोघांपैकी एकाकडून काही येत असतं. कागदावरही तसं लिहून दिलं. मी त्यातलं ‘दोघांपैकी एकाकडून’ एवढंच घेऊन घरी आलो. माझ्याकडूनच असलं तर? आईनं विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?" मी म्हणालो, "आराम करा म्हणाले."

दोन दिवसांनी सिस्टर आल्या. त्यांच्या प्रश्नावर आई म्हणाली, "दुसरं काय, स्कूटर." सिस्टरांनी कागद मागितला, वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि घडी घालून परत दिला. मग सुनंदाजवळ बसून म्हणाल्या, "याडी, तुह्या हातून काही झालं नाही." सुनंदा माझ्याकडे बघत होती. मी खिडकीची कडी लावत राहिलो.

फाटकाशी त्यांनी मला गाठलं. "बाबू, मी बोलून राह्यली, अन् सुनंदा तुमच्या तोंडाकडे पाहून राह्यली. माह्या शंभर शब्दांनी नाही होत ते तुमच्या एका शब्दानं होते. कायले चूप बसले?"

"सांगतो. आईसमोर नको."

"मंग आईच्या मागं सांगा. मीच सांगितलं असतं, पन मंग ते तुमच्यावर कधी भरोसा नाही ठेवनार."

मी सांगितलं नाही. रक्तही तपासलं नाही. दोन वर्षांनी आमची मुलगी पूजा झाली, सगळं सुरळीत झालं, आणि मला वाटलं, आता कशाला उकरायचं. सिस्टर बाजारात भेटल्या की विचारायच्या, "झालं का ते काम, बाबू?" लोकांना वाटे त्यांचंच काही तहसीलमध्ये अडकलंय. मी "करतो" म्हणायचो, टेबलासमोर उभ्या माणसाला म्हणतो तसंच. त्यांनी आवाज कधी चढवला नाही, आणि विचारायचंही कधी सोडलं नाही.

गेल्या वर्षी त्या वारल्या. निवृत्त होऊन तांड्यावरच राहत होत्या. मी आणि सुनंदा गेलो. ती खूप रडली. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं तेही लिहितो, त्याची लाज घेऊनच लिहितो. आता विचारणारं कुणी उरलं नाही, असं आलं.

या महिन्यात पुण्याला पूजाचं पोट पडलं. सुनंदा फोनवर तिला म्हणत होती, "सांगत होते ना, गाडीनं ऑफिसला जाऊ नको. मी ती चूक केली होती, तू तरी…" पलीकडचं रडणं मला खुर्चीपर्यंत ऐकू येत होतं. सिस्टर असत्या तर त्यांनी फोन हिसकावून घेतला असता. फोन ठेवल्यावर मी सुनंदाला सगळं सांगितलं. कागद, डॉक्टर, माझी भीती, फाटकाशी झालेलं बोलणं. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

ती म्हणाली, "आई जायच्या आधी मी त्यांचे पाय धरून माफी मागितली होती. त्या स्कूटरची. तुम्ही दारात उभे होते."

उभा होतो.

तिनं पूजाला परत फोन लावला आणि माझ्या हातात दिला.

"आधी माझं सांगा," ती म्हणाली. "मग तिचं."