बेरिलचे मऊ डायनासोर

बेरिल टूगुड आणि मी सँडाऊन या समुद्रकाठच्या गावात एकाच भिंतीच्या दोन बाजूंना एकतीस वर्षं राहतोय. किनाऱ्यावरच्या गोड गोळ्यांच्या दुकानात चाळीस वर्षं तिनं बरण्या उघडल्या, पाव-पाव पौंड गोळ्या तोलून कागदी पिशव्यांत बांधून दिल्या. दुकान बंद पडलं तेव्हा बाई रडली नाही, रंगपेटी घेऊन बसली. आमच्या समुद्रकाठच्या कड्यांतून डायनासोरची हाडं निघतात. बेरिल त्या हाडांवर मांस चढवते, तेही गोळ्यांचं.

तिची रीत अजब. गोळी तोंडात टाकायची, अर्धी चोखून बशीत काढायची आणि झिजलेला आकार बघून जनावर रंगवायचं. पट्ट्यापट्ट्यांच्या पेपरमिंटचं शेपूट, पाठीवर ज्येष्ठमधाच्या वड्यांची रांग, लिमलेटच्या गोळ्यांचे डोळे.

"दुकानात उष्टं विकता येत नव्हतं," ती म्हणायची, "आता भिंतीवर टांगते."

यंदा जूनमध्ये ग्रंथालयात तिची चित्रं लागली. पोरं खिदळत होती. मी मात्र पाहत पाहत पुढे गेलो आणि परत फिरून चित्रांखालच्या तारखा वाचल्या. जुन्या चित्रांत सगळ्या कडक गोळ्या. ईस्टरनंतरच्या, म्हणजे गेल्या दोनेक महिन्यांतल्या, एकाही चित्रात कडक गोळी नव्हती. आधी जेली, मग मार्शमेलो, आणि शेवटचा डायनासोर तर नुसत्या वितळलेल्या चॉकलेटचा.

संध्याकाळी तिच्याकडे चहाला गेलो. बिस्किट बुडवून बुडवून ती एकाच बाजूनं खात होती.

"बेरिल, तोंड उघड."

"तू कधीपासून दातांचा डॉक्टर झालास, डेरिक? जन्मभर बस चालवलीस."

"उघड म्हणतो ना!"

जिभेखाली पांढरा चट्टा होता, कडेनं लालभडक.

"चोखून चोखून सोललंय, दुसरं काय," ती म्हणाली. "फोन केला होता मी दवाखान्यात, सकाळी आठला. फोनच्या रांगेत अकरावी होते. दिला ठेवून. खरोखरच्या आजारी माणसाचा नंबर माझ्यापायी कशाला घालवायचा?"

हा भिडस्तपणा आमच्या अर्ध्या देशाला मातीत घालणार आहे. मला संताप आला, पण त्याहून जास्त भीती वाटली. माझी बायको जोन अशीच 'डॉक्टरांना उगाच त्रास कशाला' म्हणत म्हणत गेली.

दुसऱ्या दिवशी आठ वाजता मीच फोन लावला. चाळीस मिनिटं कानाला धरून ठेवला. बेरिल समोर मांड्यांखाली हात दाबून बसली होती. दुपारची वेळ मिळाली.

जाताना मी तिला धीर देत होतो. म्हटलं, गुळण्या करायला सांगतील, सहा आठवड्यांनी बोलावतील. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती सरकारी यादीत चौदा महिने थांबली होती, मोतीबिंदूसाठी नऊ. आम्ही सगळेच थांबतो आणि कुरकुरतो. खरं सांगायचं तर त्या थांबण्याचा आधारही वाटतो. थांबवलंय म्हणजे आपलं फारसं काही बिघडलेलं नाही.

दहा मिनिटांत ती बाहेर आली. कोटाची बटणं वरखाली लागली होती.

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

"चांगली होती पोरगी. काही बोलली नाही. माझ्यासमोरच मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला तिनं."

"मग? तारीख कधीची दिली?"

"गुरुवार."

"कुठल्या महिन्यातला?"

"परवाचा, डेरिक."

मी तिच्या कोटाची बटणं सोडून नीट लावू लागलो. आमच्याकडे इतकी घाई कुणासाठी करतात, हे दोघांनाही माहीत होतं.