जोडीचं बूच

त्यांना गल्लीत कुणी नावानं ओळखत नाही. बूचकाका म्हटलं की कुणीही घर दाखवतं. शाळेच्या रसायनाच्या प्रयोगशाळेत त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली. परीक्षानळ्या धुतल्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवल्या, आणि मुख्य म्हणजे अडकलेली काचेची बुचं सोडवली. आम्लाच्या बाटलीचं बूच एकदा रुसून बसलं की भलेभले शिक्षक हात टेकायचे. मग यांना हाक जायची. हे येऊन बाटलीच्या मानेला सुती दोरीचा वेढा द्यायचे, दोरी पुढेमागे ओढून मान गरम करायचे, कडेनं ग्लिसरीनचे दोन थेंब सोडायचे आणि लाकडी पट्टीनं बुचाला एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं टिचक्या द्यायचे. बूच निमूट वर यायचं.

"जोर कशाला लावता, सर? त्यानं ते जास्तच चिडतं," असं वर शिक्षकांनाच सुनावायचे.

निवृत्तीनंतर बुचं घरी येऊ लागली. कुणाच्या आजोबांची दौत, कुणाच्या बैठकीतली शोभेची सुरई. येणारा माणूस बूच घेऊन आला तरी त्याला आधी अख्खं घर बघावं लागायचं, त्यातून सुटका नव्हती. कारण ते घर म्हणजे यांचा जीव की प्राण. खोल्या दोन आणि स्वयंपाकघर, पण प्रत्येक खिडकीला आडव्या फळ्या, आणि फळ्यांवर जुनी काच. पूर्वेच्या खिडकीत औषधांच्या निळ्या बाटल्या, पश्चिमेला मधाच्या रंगाच्या. पुस्तकांच्या कपाटावर दौती. तुटलेल्या झुंबराचे लोलक दोऱ्यात ओवून चक्क न्हाणीघराच्या झरोक्यात टांगलेले, त्यामुळे आंघोळ करणाऱ्याच्या पाठीवर सकाळी इंद्रधनुष्याचे तुकडे पडायचे. एकीची सावली दुसरीवर पडता कामा नये, हा यांचा नियम. त्यासाठी एकेक बाटली बोटभर इकडे, बोटभर तिकडे सरकवण्यात त्यांचा अख्खा रविवार जायचा.

"घर आहे की औषधांचं दुकान?" असं बायको येताजाता म्हणायची. ती शिवणकाम करायची, आणि तिच्या गिऱ्हाइकांना बसायला खुर्ची होती, पण ब्लाउजचं कापड ठेवायला मोकळी जागा नव्हती. बोलायची खरी, मात्र काच पुसायला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

आलेल्या माणसाला यांचा शेवटचा धडा असायचा नंबराचा. जुन्या कारखान्यात प्रत्येक बूच त्याच्याच बाटलीत घासून बसवत. मग अदलाबदल होऊ नये म्हणून बुचाच्या तळाला आणि बाटलीच्या मानेला एकच आकडा बारीक टोकानं कोरत. "आकडा जुळला तर जोडी खरी. नाहीतर कुणीतरी दुसऱ्याचं बूच लावून दिलंय," असं म्हणून हे भिंग पुढे करायचे. बायकोलाही त्यांनी हे इतक्यांदा शिकवलं होतं की ती वाण्याच्या तेलाच्या बाटलीकडेही संशयानं बघायची.

फक्त एका बाटलीचा नंबर हे कुणाला दाखवत नसत. शिवणयंत्राच्या वरच्या फळीवर ती एकटी असायची. वीतभरापेक्षा कमी उंचीची, पैलू पाडलेली, उन्हात किंचित जांभळी दिसणारी अत्तराची बाटली. तळाशी बोटभर तपकिरी अत्तर. बायकोला ती तिच्या आईनं लग्नात दिली होती, स्वतःच्या हातानं बूच दाबून. वर्षाच्या आत आई गेली. तेव्हापासून रोज सकाळी मशीनवर बसण्याआधी बायको त्या बुचावर बोट ठेवायची. आईचा हात लागलेली तेवढीच एक जागा तिच्याजवळ उरली होती, असं ती म्हणायची. बूचकाका त्या वेळी वर्तमानपत्र जरा जास्तच उंच धरायचे.

कारण ते बूच आईचं नव्हतं.

झालं होतं असं. लग्नाच्या पहिल्या वर्षी आई आजारी पडली म्हणून बायको माहेरी गेली होती. हे घरी एकटे. ती बाटली आल्या दिवसापासून यांच्या डोळ्यांत भरली होती, आणि जोडी खरी की खोटी हे बघितल्याशिवाय यांना चैन पडेना. दुसरा कुणी असता तर बाटलीकडे ढुंकून बघितलं नसतं. यांनी बाटली धुऊन घेतली, बूच सोडवलं, भिंग लावलं. मानेवर तेवीस, बुचावर तेवीस. यांना इतका आनंद झाला की साबणाचे हात पुसायचं भान राहिलं नाही. बूच निसटलं, मोरीच्या दगडावर पडलं आणि त्याचे चार तुकडे झाले.

दोन दिवस यांनी सगळी भंगाराची दुकानं पालथी घातली. एका खोक्यात तसंच पैलूदार डोकं असलेलं बूच सापडलं. जरा जाड होतं. काच घासायची कुरुंदाची पूड आणि पाणी लावून ते दोन संध्याकाळ बाटलीत फिरवत बसले, तेव्हा कुठे ते बसलं. बसलं ते असं की जणू तिथंच जन्मलेलं. फक्त तळाला आकडा होता एकतीस. तोही घासून टाकता आला असता, पण तेवढं त्यांच्यानं होईना. बूच बदलणं वेगळं आणि आकडा खोडणं वेगळं, असा काहीतरी विचित्र हिशेब त्यांच्या मनात होता. बायको आली की सांगून टाकू, रागावेल, चार दिवस बोलणार नाही, संपेल, असं त्यांनी ठरवलं होतं.

बायको आली ती आईचे दिवस उरकून. चप्पल काढली, सरळ बाटलीशी गेली, बूच मुठीत धरलं आणि म्हणाली, "हे तिनं बंद केलंय." आणि जी रडायला लागली, ती थांबेचना. अशा बाईला कोण काय सांगणार? त्याला छत्तीस वर्षं झाली.

यंदा एका मंगळवारी बायकोच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. आई गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती, आणि मामाकडे दूर वाढली. "ताई, मला आईचा चेहरा आठवतो तो फोटोतला," ती म्हणाली. "बाकी काहीच आठवत नाही. त्या बाटलीचा वास घेतला तर काही आठवेल का गं?"

बायकोनं फोन ठेवला आणि यांच्याकडे वळली. "अहो, शनिवारी ती येतेय. ते बूच काढायचंय. आणि त्या निमित्तानं नंबरही बघू. जगाला दाखवता, आपल्याच बाटलीचा कधी बघितला नाही!"

हे पळवाटा शोधू लागले. बूच निघत नाही असं सांगावं, तर गल्लीतलं शेंबडं पोरही हसलं असतं. आकडा आता खोडावा, तर दिवसभर बायको तिथंच मशीनवर. काढताना हातातून सोडून द्यावं, हाही विचार येऊन गेला, आणि त्याची त्यांना इतकी लाज वाटली की ते उठून अंगणात जाऊन उभे राहिले. बुधवार असाच गेला. गुरुवारी सकाळी बायको सुईत दोरा ओवत होती, तेव्हा ते समोरच्या खुर्चीत येऊन बसले आणि बोलून मोकळे झाले. मोरीचा दगड, चार तुकडे, एकतीस, सगळं.

बायकोनं दोरा ओवून पूर्ण केला. "मी कुठं होते?"

"माहेरी. आई आजारी होत्या."

"म्हणजे आई होती अजून."

"हो."

"मी आल्यावर ते धरून रडले. तुम्ही समोर होतात."

"हो."

तिनं मशीन सुरू केलं. त्या दिवशी तिनं तीन ब्लाउज शिवले, पण त्यांच्याशी एक शब्द बोलली नाही. शुक्रवारी 'जेवण वाढलंय' हे वाक्य तिनं निळ्या बाटल्यांकडे बघून म्हटलं. तिनं भांडावं, चार शिव्या द्याव्यात, असं त्यांना मनापासून वाटत होतं. बहिणीला ती सगळं सांगणार आणि आपण तिच्या नजरेतूनही उतरणार, हेही त्यांनी गृहीत धरलं होतं. होऊ दे, आपण केलंय ते निस्तरायला हवं, असं म्हणत त्यांनी दोरी आणि ग्लिसरीन काढून ठेवलं.

शनिवारी बहीण आली. चहासुद्धा नको म्हणाली. "भावोजी, आधी ते."

बायकोनं बाटली धरली, यांनी दोरी ओढली. तीन दिवसांत पहिल्यांदा दोघं एवढी जवळ आली होती. यांनी ग्लिसरीन सोडलं, टिचक्या मारल्या. बूच फिरलं, वर आलं. यांनी ते बायकोच्या हातात दिलं. तिनं ते उलटं केलं, उजेडाकडे धरून तळ बघितला, बराच वेळ बघितला.

बहिणीनं बाटली नाकाशी नेली. डोळे मिटले. "काही नाही गं आठवत," ती हिरमुसून म्हणाली. पुन्हा वास घेतला. मग एकदम, "ताई, हिरवा स्वेटर होता का तिचा? खरखरीत?"

"होता. कोपराला ठिगळ होतं त्याच्या."

"माझं नाक घासायचं त्याला. ती मला उचलून घ्यायची तेव्हा." आणि बेचाळीस वर्षांची बाई लहान मुलीसारखी रडायला लागली. रडता रडता तिनं ताईच्या हातातलं बूच घेतलं, गालाला लावलं. "हे आईनं बंद केलेलं ना?"

बूचकाकांनी मान खाली घातली. आता सगळं बाहेर येणार, म्हणून.

"हो," बायको म्हणाली. "आईनंच."

"मला देशील? बाटली राहू दे तुझ्याकडे. मला हे एवढं दे."

बायकोनं बहिणीची मूठ त्या बुचावर मिटली. "घेऊन जा."

"आणि बाटली? उघडी राहील ना गं."

"त्याची काळजी नको. दुसरं बूच घासून बसवतील हे. सवय आहे त्यांना."

बहीण ओल्या डोळ्यांनी हसली. भावोजींच्या हाताचं कौतुक चाललंय, असंच तिला वाटलं. भावोजींचे कान मात्र तापले.

दुपारी बहीण गेली. बायकोनं बाटलीच्या तोंडात कापूस घातला आणि यांच्यासमोर येऊन बसली.

"छत्तीस वर्षं मी कुणाच्या तरी भलत्याच बुचाला हात लावत होते."

"हो."

"तिला खरं सांगणार होते. तोंडाशी आलं होतं. मग तिचा चेहरा बघितला." "माझा राग गेलेला नाही हां. तुम्ही मला सांगायला हवं होतंत. एक वर्षानं, पाच वर्षांनी, कधीतरी."

"हवं होतं. भीती वाटली. नंतर रोजच वाटत राहिली."

"ते आज कळलं मला." तिनं पदरानं नाक पुसलं. "घासायला कधी बसणार?"

"उद्या सकाळी. खोक्यात दोन-तीन आहेत, त्यातलं एखादं बसेल."

"मग मला हाक मारा," ती म्हणाली. "या वेळी माझ्यासमोर बसवायचं."