आधी ‘काय झालं’ विचारा

रोह्याच्या बाजारात कडवे वाल घेत उभी होते, तेव्हा आमच्या शाळेतल्या शिपायाचा, तुकारामचा फोन आला. “बाय, शैलाबाय गेल्या,” एवढंच म्हणाला. माझा चेहरा बघून वालवाली म्हणाली, “काय झाला गो बाय?” आणि तिथे, भर बाजारात, मला रडू फुटलं. ती बिचारी घाबरली. तिला काय माहीत, की हाच प्रश्न शैलाने पेणच्या आमच्या अख्ख्या शाळेला घासून घासून शिकवला होता...

शैला आमची मुख्याध्यापिका. त्याआधी माझ्याच शेजारच्या वर्गावर शिकवायची, आणि तेव्हा तिच्या हातात छडी असायची. तिचा वर्ग टाचणी पडली तर ऐकू येईल असा. एका वर्षी गणपतीच्या आधी, मूर्तींच्या कारखान्यांतून रंगकामाची घाई चालली होती तेव्हा, मंदा नावाची मुलगी वर्गात रोज पेंगायची. जवळच्या जिते गावाहून यायची. मामाच्या कारखान्यात मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायची. हात असा स्थिर की मोठे कारागीर तिच्यापुढे मूर्ती सरकवत. “का गं झोपतेस?” शैलाने पुन्हा पुन्हा विचारलं. मग उजव्या हातावर छड्या. हात सुजला, ब्रश धरवेना, आणि मंदा शाळेत यायची बंद झाली.

शैला तिच्या घरी गेली, मला सोबत घेऊन. मंदा दारातच उभी राहिली, आत या म्हणाली नाही. शैलाने माफी मागितली. मंदा खाली बघत म्हणाली, “का झोपतेस, ता इचारलात बाय. काय झाला, ता नाय इचारलात. आई हास्पिटलात हुती. मी तिच्यापाशी जागायची.” बस्. शैला नंतरही तिच्याकडे जात राहिली, पण मंदा शाळेत परत आली नाही. शैलाची छडी मी त्या दिवसानंतर कधी पाहिली नाही.

मुख्याध्यापिका झाल्यावर तिने पहिली सभा घेतली ती फक्त शिक्षकांची नाही. क्लार्क, तुकाराम, खिचडी करणाऱ्या मावश्या, मुलांना आणणारे रिक्षावाले, सगळ्यांना बसवलं. म्हणाली, “पोराच्या हातून काही झालं की पहिला शब्द ‘का’ नको. ‘का’ म्हटलं की पोर वकील होतं, नाहीतर मुकं होतं. आधी ‘काय झालं’ विचारा. आणि मग थांबा.” हे थांबणंच महाकठीण. मी तिला चिडवायची, तुझ्या या ‘काय झालं’पायी माझा इतिहास मुघलांच्या पुढे सरकत नाही. ती हसायची, पण ऐकायची नाही. एकाने चांगलं वागावं आणि दुसऱ्याने कान पिळावा, असं तिला चालत नसे. वर्गात एक आणि खिचडीच्या रांगेत दुसरं, अशी शाळा पोरं बरोबर ओळखतात, म्हणायची.

तिच्या खोलीत खिडकीशी एक बाक होता. चुकलेलं पोर टेबलासमोर उभं करायचं नाही, त्या बाकावर बसवायचं आणि आपणही शेजारी बसायचं. दोघांनी बाहेर चिंचेकडे बघत बोलायचं. शेवटी एकच विचारायची, “आता हे निस्तरायचं कसं?” नळ तोडणारा पोरगा प्लंबरच्या हाताखाली बसून तो बसवून गेला. शिव्या देणाऱ्या दोघी आठवडाभर एकत्र खिचडी वाढत होत्या. आणि कुणी न सांगता काही चांगलं केलं, तर शैला भर मैदानात थांबून ते त्याला सांगायची.

पण ही गोष्ट गोड करून सांगणार नाही. पालकच येऊन म्हणत, “बाय, दोन ठेवून द्या, आमचा काय म्हनना नाय.” काही मुलं तिनं इतकं ऐकूनही हातची गेली. संस्थेतल्या लोकांना वाटे, शाळा ढिली झाली. ती निवृत्त झाली आणि नवे सर आले. माणूस वाईट नाही, वेळेचा पक्का. त्यांनी शिट्टी आणली. मग छडीही आली, आधी नुसती टेबलावर ठेवायला.

शैलाला तोवर पोटाच्या दुखण्याने धरलं होतं. शेवटचं भेटले तेव्हा ती अंथरुणात इतकीशी उरली होती. आवाज मात्र तोच. म्हणाली, “माझा बाक कुठाय गं?” तिच्याशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. म्हटलं, व्हरांड्यात. “बसतं का कोणी?” मी म्हटलं, “बसत नाहीत. पोरं उभी करतात, त्याच्यावर.” तिने विचारलं, “भिंतीकडे तोंड करून?” मी ‘हो’ म्हणून मान हलवली. तिने कूस बदलली... मला वाटलं झोपली. झोपली नव्हती.

शाळेत शोकसभा झाली. बाईंच्या शिस्तीचा वारसा आपण चालवू, असं सर म्हणाले. मुलं स्तब्ध उभी असताना पाचवीतला कोणी खुदकन हसला, तर त्याला कानाला धरून रांगेबाहेर काढलं. शैलाच्या फोटोसमोर. तिच्यासाठी पाळलेली शांतता पोरांना दमात घेऊन पाळली गेली, याचा संताप मला अजून आवरत नाही.

काल मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून जाताना त्या बाकावर एक मुलगी उभी दिसली. तोंड भिंतीकडे. माझ्या वर्गातली नव्हती. मी बाकाच्या टोकाला बसले आणि विचारलं, “काय झालं गं?” तिने वळून आधी माझ्या हातांकडे पाहिलं. मी दोन्ही हात उघडे करून मांडीवर ठेवले आणि थांबले. शैला थांबायची, तशी. मुलगी भराभर म्हणाली, “चुकला बाय. परत नाय करनार.” मी म्हटलं, “अगं, पण काय झालं?” ती पुन्हा भिंतीकडे वळली. “परत नाय करनार बाय.” तेवढ्यात घंटा झाली. ती उडी मारून उतरली आणि वर्गाकडे पळाली. वळणावर थांबून पुन्हा तेच म्हणाली.

काय करणार नाही, ते मला अजून कळलेलं नाही.