खिडकीतलं वारं

परवा दवाखान्यात नर्सनं इंजेक्शनआधी दंडाला स्पिरिट लावलं आणि त्या वासासरशी मला बाहत्तरच्या दुष्काळाआधीची श्रीगोंद्याची एक दुपार आठवली. मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं आणि ते पुन्हा येऊ नये म्हणून सासूबाईंनी त्यांच्या खोलीच्या खिडकीत तरट कोंबलं होतं. ऐन वैशाखात मामंजी आत घामानं निथळत पडायचे. जीभ जड झाल्यामुळे तक्रारसुद्धा धड करता येत नव्हती. अशात कळलं, की तालुक्याला, श्रीगोंद्यात, सुया टोचून इलाज करणारे डॉक्टर आलेत. आम्ही मामंजींना घोंगड्यात गुंडाळून बैलगाडीनं नेलं. डॉक्टरांनी केसासारख्या बारीक सुया स्पिरिटनं पुसून त्यांच्या हातापायांत टोचल्या. सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "भोकं तर पडली, पन वारं काय भाईर आलेलं दिसंना." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी दंडाला पट्टा आवळून रक्तदाब मोजला आणि म्हणाले, "सुयांनी हात हलेल, कदाचित हलणारही नाही. पण पुन्हा झटका नको असेल तर ही गोळी रोज द्या, मीठ कमी करा, तंबाखू सोडायला लावा. हे वारं बाहेरून येत नसतं, बाई." गोळी, मीठ, तंबाखू यातलं काही मामंजींनी ऐकलंच नसावं. त्यांनी उजव्या हातानं घोंगडं भिरकावलं आणि जड जिभेनं सासूबाईंना म्हणाले, "आयकलं? आता खिडकी उघड." त्या संध्याकाळी तरट निघालं. आता रक्तदाबाची गोळी मलाही लागली आहे. ती मी न चुकता घेते, आणि मग कुणी बघत नाही ना हे पाहून खिडकी लावून झोपते.