लेखी दिले आहे

जनसुनावणीवरचा प्रश्न आमच्या परीक्षेत हमखास यायचा. एखाद्या भागात खाण किंवा कारखाना येणार असेल तर तिथल्या लोकांना आधी बोलवायचं, त्यांचं म्हणणं ऐकायचं, ते इतिवृत्तात लिहायचं आणि शेवटी सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं, असा नियम. तोंडी बोललेलंही लेखीइतकंच वजनाचं. हे मी इतक्यांदा लिहिलं होतं की मला झोपेतून उठवलं असतं तरी घडाघडा सांगितलं असतं. नागपूरला पर्यावरण कायदा आणि धोरण शिकणाऱ्या आमच्या वर्गात मी एकटीच अशी होते, जिच्या स्वतःच्या गावात खरोखर सुनावणी होणार होती. खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान वाटला होता.

आमचं गाव तुमसरहून नाकाडोंगरीकडे जाणाऱ्या एसटीने फाट्यावर उतरलं की पायी अर्ध्या तासावर. गावामागे टेकडी आणि टेकडीच्या पोटात बारा महिने वाहणारा एक झिरा. त्याचं पाणी खाली बोडीत, म्हणजे आमच्या लहानशा तळ्यात यायचं आणि बोडीतून सात-आठ घरांच्या बांध्यांना, धानाच्या खाचरांना जायचं. भारी, म्हणजे जास्त दिवसांचा धान उशिरा निसवतो. तोवर पाऊस निघून गेलेला असतो, आणि त्या वेळचं एक पाणी मिळालं तर धान, नाहीतर नुसती तणस, रिकामा पेंढा. ते एक पाणी आम्हाला झिरा द्यायचा. खाण त्याच टेकडीवर येणार होती.

प्रकल्पाच्या अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत ठेवला होता. बाबा चौथी शिकलेले. त्यांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, नकाशावर बोट फिरवलं आणि विचारलं, "झिरा कुठी हाये यात?"

"नाही बाबा. हंगामी नाला एवढंच लिहिलं आहे."

"हंगामी काहून? उन्हाऱ्यातई वाहते ना थो. कोनी येऊन पाह्यलं का?"

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. मागच्या उन्हाळ्यात टेकडीवर तपासणीसाठी बोर मारले, तेव्हा झिऱ्याला गढूळ पाणी आलं. गढूळपणा गेला, पण धार बारीक झाली ती झालीच. "आधी एक विडी ओढेस्तोवर गुंड भरे," ते म्हणाले. "आता दोन विड्या लागतेत. मी चार डाव बसून पाह्यलं."

मी हसले. पितळेचा गुंड झिऱ्याखाली लावून बाबा दगडावर विडी ओढत बसले आहेत, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि हसूच आलं. "बाबा, विडीनं पाणी मोजत नाहीत," मी म्हटलं. तेही हसले. "तुह्या कायद्याले जमत नसन तं रायलं," म्हणाले आणि उठून बैलांकडे गेले.

हरकतीचा मसुदा मी होस्टेलवर बसून लिहिला. भूजल पातळीवर प्रतिकूल परिणाम संभवतो, जैवविविधतेस धोका निर्माण होऊ शकतो, वगैरे वगैरे. अशी वाक्यं की ती कुठल्याही गावाला, कुठल्याही टेकडीला लावावीत. पुराव्याशिवाय विधान करू नये, असं आमचे सर सांगायचे. झिऱ्याची कुठे नोंद नव्हती, धारेचं मोजमाप नव्हतं. मी तो वगळला. गावाने विश्वासाने सह्या केल्या, अंगठे दिले. आपली पोरगी वकील होणार, मग आणखी काय पाहिजे!

सुनावणी शाळेच्या मैदानावर मांडव घालून झाली. आमचे सर आणि वर्गातली दहा-बारा मुलंमुली नागपूरहून गाडी करून आली होती. मी त्यांच्यात बसले होते. बाबा पुढच्या रांगेत, धुतलेला पांढरा सदरा आणि टोपी घालून. दोघं-तिघं बोलले, नोकरीचं काय ते विचारलं. मग अध्यक्षस्थानी बसलेल्या साहेबांनी विचारलं, "आणखी कोणाला बोलायचं आहे?" बाबा उभे राहिले.

मी घाईने पुढे गेले आणि त्यांची बाही धरली. "बाबा, ते लिहून देलं ना आपुन. बसा आता."

हे कायद्याने चूक होतं आणि ते मला माहीत होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण खरं कारण कायद्याचं नव्हतंच. बाबा आता माझ्या वर्गासमोर त्यांच्या बोलीत विडीची आणि गुंडाची गोष्ट सांगतील आणि मागे कोणीतरी हसेल, याची मला भीती वाटली. मला त्यांची लाज वाटली. इतक्या वर्षांत हे वाक्य मी कोणाजवळ बोललेले नाही.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, पेरणीच्या वेळी आभाळाकडे पाहायचे तसं, अंदाज घेत. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "लेखी देलं हाये साहेब. माह्या पोरीनं." आणि बसले. साहेबांनी कौतुकाने मान हलवली. सरांनी माझ्या पाठीवर थाप दिली. शेवटी इतिवृत्त वाचून दाखवलं तेव्हा मीच सगळ्यांच्या आधी "बरोबर" म्हटलं.

परवानगी आली, अटींसकट आली. अहवालात नोंदलेले सर्व जलस्रोत जपावेत, अशीही एक अट होती. झिरा नोंदलेला नव्हता, म्हणून जपायचाही नव्हता. खाण सुरू झाल्यावर तिसऱ्या उन्हाळ्यात तो आटला. बोडीत आधी चिखल राहिला, मग भेगा, मग त्यात बकऱ्या चरायला लागल्या. मी धावत सरांकडे गेले. दाद मागता येईल का, म्हणून विचारलं. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सुनावणीत झिऱ्याबद्दल कोणी बोललं होतं का?"

बाबांनी भारी धान सोडला आणि कमी दिवसांचा हलका पेरायला लागले. मला एका शब्दाने काही म्हणाले नाहीत. त्यांनी एकदा तरी बोलायला हवं होतं. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा" एवढं म्हणाले असते तरी मी रडून मोकळी झाले असते. पण मी सुटीत घरी गेले की ते विचारायचे, "पेपर कसे गेले?" मी म्हणायचे, चांगले गेले. आणि ते चांगलेच गेलेले असायचे.

पुढे वर्षभरात बाबा छातीच्या दुखण्याने गेले. खाणीमुळे गेले असं मी म्हणणार नाही. पुराव्याशिवाय विधान करू नये.

दिवस झाले, पाहुणे आपापल्या गावी गेले. एका दुपारी आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या मांडवातल्या दिवसाचा कागद तुह्यापाशी हाये ना? त्यात त्यायचं काय लिवलं हाये, वाचून दाखव."

मी बॅगेतून इतिवृत्ताची प्रत काढली. बाबांचं नाव सापडलं. नावापुढे गाव, आणि त्यापुढे एक ओळ. मी वाचली. "लेखी निवेदन दिले असल्याचे सांगितले."

"एवढंच?"

"एवढंच."

आईचे हात सुपातच थांबले. "आठ दिवस पाठ करून राहिले होते थे," ती म्हणाली. "बोडीच्या पाळीवर, बैलाईले पानी दाखवताना. घरी आले का मले समोर बसवत. म्हनत, तू साहेब हो."

मला हे माहीत नव्हतं. मी तेव्हा नागपूरला होते, मसुदा लिहीत होते.

"काय म्हणायचे?" मी विचारलं.

आईने सूप बाजूला ठेवलं. पदर सारखा केला आणि बाबा उभे राहायचे तशी भिंतीला टेकून उभी राहिली. एकदाही न अडखळता तिने सगळं म्हणून दाखवलं.

"साहेब, त्या टेकडीत एक झिरा हाये. तुमच्या नकाशात नाई. बोर माराच्या आधी एका विडीत गुंड भरे, आता दोन विड्या लागतेत. मी शिकलेला मानूस नाई, माहं मोजमाप विडीचंच. तुमी तुमच्या मोजमापानं मोजा, पन एक डाव येऊन पाहा. मले एवढंच सांगाचं होतं. बाकी कायद्याचं माही पोरगी सांगन. थे त्याचंच शिकून राहिली हाये."