कोण बसतं ते माहीत नसलेलं बाक

शोभाताई निकम गेल्याची बातमी मला कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मिळाली. वर योग शिबिराचं निमंत्रण होतं, खाली एका ट्रस्टीच्या नातवाच्या वाढदिवसाचा केक आणि मधे त्या. एकाच मिनिटात हात जोडलेली चाळीस चित्रं आली. त्यातली दोन तर केकसाठी होती, असं नंतर कळलं. कावीळ झाली, आठ दिवसांत सगळं संपलं. वय एकोणपन्नास, वर्ग टी. वाय. बी. ए., सकाळची पाळी.

आमच्या प्राचार्यांनी शोकसभेत त्यांना ‘कॉलेजची लाडकी विद्यार्थिनी’ म्हटलं. याच प्राचार्यांनी पहिल्या वर्षी त्यांना दोनदा जिन्यात अडवून, ‘पालकांनी बाहेर थांबायचं आहे, बेन,’ असं बजावलं होतं. दुसऱ्या वेळी शोभाताई म्हणाल्या, “थांबवले असते सर, पण माझे पालक कधीच वारले.” त्या विनोदाचा अर्थ लागायला प्राचार्यांना पुढचा तास पुरला नसावा.

अमळनेरकडच्या या बाई लग्न होऊन इकडे गुजरातेत, गोडादऱ्यात आल्या आणि वीस वर्षं लूमच्या कारखान्यात कांडी भरत राहिल्या. मागाच्या धोट्यात धाग्याची जी गुंडाळी बसते, ती कांडी. पुढे मालकाने नवे माग आणले. त्यांना धोटा लागत नाही, म्हणजे कांडी नको आणि कांडीवाली बाईही नको. घरी बसण्याऐवजी शोभाताईंनी अर्धवट राहिलेलं शिक्षण हातात घेतलं. मी तिथे अर्थशास्त्र शिकवतो. मराठी माणसाने गुजरातीतून शिकवलेलं अर्थशास्त्र ऐकून ज्या हसत नसत, अशा त्या एकट्याच.

आमच्याकडे दोन पाळ्या. सकाळी कला शाखा, दुपारी वाणिज्य. दोन्हींचे वर्ग एकाच खोल्यांत, बाकंही तीच. सकाळचा मुलगा उठून गेला की तासाभराने त्याच जागी दुसरा कोणी येतो. तीन वर्षं एकाच फळीवर कोपर टेकणारी ही माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. याला आम्ही माहितीपत्रकात ‘विद्यार्थ्यांचं एक कुटुंब’ असं म्हणतो.

शोभाताई पहिल्या वर्षाला असतानाची गोष्ट. दुपारच्या पाळीची अंतर्गत परीक्षा होती आणि मी पर्यवेक्षक. चौदा नंबरच्या खोलीत, खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर हेतल नावाची मुलगी होती. तिच्या बाकाखालच्या कप्प्यात मला चिठ्ठी सापडली. वेड्यावाकड्या गुजराती अक्षरांत लिहिलं होतं, की मीठ महाग झालं तरी आपण तेवढंच घेतो, साडी महाग झाली तर सण पुढे ढकलतो. खाली ‘मागणीची लवचिकता’. प्रश्नपत्रिकेतला दुसरा प्रश्न नेमका तोच.

पर्यवेक्षकाला असा क्षण वर्षातून एकदा मिळतो. मी लाल पेनाने तिच्या उत्तरपत्रिकेवर ‘नक्कल’ असं ठसठशीत लिहिलं. ती रडत म्हणाली, “सर, मने खबर नथी कोण मूके छे. रोज कंईक होय छे.” कोण ठेवतं माहीत नाही, पण रोज काहीतरी असतं म्हणे! कधी पेन, कधी सेफ्टी पिन, कधी टोक केलेली पेन्सिल. चोरीचा इतका काव्यमय बचाव मी ऐकला नव्हता. अहवाल वर गेला असता तर तिला सत्रपरीक्षेला बसता आलं नसतं आणि तिच्या घरी तर एका निमित्ताचीच वाट पाहत होते. मुलगा बघून ठेवलेला होता. हे तिने सांगितलं, मी ऐकलं… आणि तरी अहवाल लिहायला घेतला. शिस्त म्हणजे काय, हे दाखवायला कोणीतरी लागतंच.

दुसऱ्या दिवशी शोभाताई स्टाफरूमच्या दारात उभ्या राहिल्या.

“सर, ती चिठ्ठी मी ठेवलेली.”

“तुम्ही? कोण लागते ती तुमची?”

“कोणी नाही. पाहिली पण नाही तिला.”

मी आवाज चढवला. त्यांचं मराठी अशा वेळी घरच्या अहिराणीकडे जायचं. “काबरं ओरडी ऱ्हायनात, सर?” मग सावरून म्हणाल्या, “आमच्या कारखान्यात पाळी सुटताना रिकामी कांडी ठेवून जायचं नसतं. पुढचा माणूस आला की त्याचा माग लगेच चालला पाहिजे. तो कोण, कुठला, विचारायचं कशाला?”

“हा कारखाना नाही, शोभाताई. कॉलेज आहे.”

“हो ना. म्हणून तर कोणी काही ठेवत नाही.”

स्टाफरूममधल्या दोघांनी वर्तमानपत्रं वर केली. शोभाताई पुढे म्हणाल्या, “तिच्या पेपरात मीठ आहे का, साडी आहे का, ते तरी बघा.”

ते मी बघितलंच नव्हतं. शिक्का मारायच्या घाईत उत्तर वाचायचं राहून गेलं होतं. हेतलने गाईडातली व्याख्या पाठ करून लिहिली होती, तीही उलटी. चिठ्ठी तिने उघडलीसुद्धा नसावी. नक्कल केली असती तर पोरगी पास झाली असती.

अहवाल मी फाडला. हेतलची माफी मागायला मला चार दिवस लागले. इतका वेळ मी माझ्या पीएच.डी.च्या शेवटच्या प्रकरणालाही दिला नव्हता. तिची आणि शोभाताईंची गाठ घालून द्यावी असं मनात आलं, तर शोभाताईंनी हात झटकले. “भेटून काय करू? मग ओळख होईल. ओळखीच्याला तर कोणी पण देतं, सर.”

पुढे त्यांचे वर्ग बदलले, बाकं बदलली, कप्पे भरलेले राहिले. दुपारचे लोकही काही ना काही ठेवू लागले होते, एवढं मला कळत होतं. विचारायचं नसतं, हेही तोवर कळलं होतं.

आता शोकसभेविषयी. ट्रस्टच्या अध्यक्षांनी ‘करुणा’ या विषयावर पाऊण तास भाषण केलं. त्यात शोभाताईंचं नाव दोनदा आलं, पैकी एकदा चुकीचं. ‘करुणा सप्ताह’ जाहीर झाला. जिन्याखाली ‘करुणा कपाट’ उभं राहिलं, त्याची फीत कापली गेली. पेन हवं असेल त्याने नाव, रोल नंबर आणि गरजेचं कारण वहीत लिहायचं. किल्ली हेडक्लार्ककडे, हेडक्लार्क जेवायला. आजपर्यंत वहीत एकही नोंद नाही. अध्यक्षांच्या मते याचा अर्थ आमच्याकडे गरजू विद्यार्थीच नाहीत. त्या समितीवर मीही होतो आणि फीत कापली तेव्हा टाळ्यासुद्धा वाजवल्या. आम्हा सर्वांना ट्रस्टचं नाव कोरलेलं एकेक पेन मिळालं.

सभा सकाळी दहाला झाली. दुपारच्या पाळीला कोणी बोलावलं नाही, कारण त्यांचा शोभाताईंशी काय संबंध?

गेल्या आठवड्यात, शोभाताई गेल्यानंतर पाच आठवड्यांनी, मी नऊ नंबरच्या खोलीत शेवटच्या बाकावर बसलो. या वर्षीची त्यांची जागा ती. कप्प्यात हात घातला. तीन पेन्सिली, टोक केलेल्या. सुईदोरा. पाच-सहा गोळ्या, सुंठीच्या, उन्हाने एकमेकींना चिकटलेल्या. कोणीतरी ठेवत राहिलं होतं आणि उचलणारं कोणी नव्हतं. तळाशी घडी केलेला कागद. “तमे कोण छो ते खबर नथी. घणा दिवसथी कंई लीधुं नथी. तबियत सारी छे ने?”

तुम्ही कोण ते माहीत नाही. बरेच दिवस काही घेतलं नाहीत… तब्येत बरी आहे ना?

शोकसभेत इतक्या लोकांना इतकं बोलायचं होतं. हे विचारायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

मी खिशातलं ट्रस्टचं पेन काढलं आणि कागदाच्या कोपऱ्यावर रेघ ओढली. उमटली नाही. दुसऱ्या खिशात लाल पेन होतं, तेच. तळहातावर ओढून पाहिलं. चाललं. ते कप्प्यात ठेवलं. चिठ्ठीला काय उत्तर लिहायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. तोवर दुपारच्या माणसाला कप्पा रिकामा दिसू नये, म्हणून रोज सकाळचा तास संपला की मी नऊ नंबरमध्ये जातो.